भिंतीच्या फटी लिंपण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या टेकड्यांवरच्या कामांची बातमी आपल्या अंकात आली की मी ती कापून डब्यांच्या हिशेबाच्या वहीत ठेवते. झाडं किती लावली, पायवाट किती झाली, बाकं किती बसवली, दिवे किती लागले, हे सगळं त्यात असतं. पाली, सरडे, सापसुरळ्या यांचं नाव मात्र त्यात कधी आलेलं मी पाहिलेलं नाही. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मी कोथरूडमध्ये गेली सव्वीस वर्षं घरगुती डबे देते. पहाटे चारला माझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो. कणीक मळताना नजर सहज वर जाते, आणि इतकी वर्षं एकाच भिंतीकडे पाहिलं की त्या भिंतीवरची वस्ती ओळखीची होते. ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ पिवळट पोटाची जाड पाल असते. ती तिची जागा. दुसरी कोणी त्या उजेडात शिरली की ती शेपटी वळवळवत सरळ अंगावर धावून जाते. खाली सिंकच्या पाइपाशी, जिथे झुरळाची पिल्लं निघतात, तिथे अंगावर ठिपके असलेली बारकी पाल. ती उजेडाकडे फिरकत नाही. तिसरी मागच्या दारी आंब्याच्या खोडावर, हुबेहूब सालीच्या रंगाची. डोळे मिटून उघडले तर सापडत नाही. इतक्या वर्षांत ती एकदाही उंबरा ओलांडून आत आलेली नाही.

मी या तिघींना लहान, मोठी आणि झाडावरची म्हणत होते. माझा भाचा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्याने एका रात्री टॉर्च घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, या तीन वेगवेगळ्या जाती आहेत. यांचं एकमेकींशी लग्न जुळत नाही." एका स्वयंपाकघराच्या आत-बाहेर तीन जाती, आणि तिघींनी जागा वाटून घेतलेल्या. तेव्हापासून मी नीट पाहायला लागले.

माझं माहेर मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे. आजोबांच्या पिढीची चांगली भातखाचरं मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेली. उरलं ते वरच्या अंगाचं, दगडाच्या ताली, म्हणजे बांध, घालून केलेलं. गावाच्या वर देवराई आहे. तिथलं लाकूड तोडायचं नाही हे तर आहेच, पण पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. चुलीला लाकूड कमी पडलं तरी आजी त्या बाजूला हात लावू देत नसे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास केला होता, हे मला फार उशिरा कळलं. आजीला कारण विचारलं तर ती देवाकडे बोट दाखवायची. पण तिच्या नेमामुळे त्या रानात मेलेलं झाड उभं राहिलं, पडलेलं झाड पडलेलंच राहिलं, आणि पानांचा थर कधी कोणी झाडून नेला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता तेव्हा, भाचा मला त्या देवराईत घेऊन गेला. सकाळचे नऊ वाजले असतील. अंजन, जांभूळ, पिसा यांची दाट सावली, वरून पागोळ्या. ओढ्याच्या काठी एका मोठ्या खडकाच्या पोटाखाली त्याने मला वाकायला लावलं. माझ्या करंगळीएवढी एक पाल तिथे दगडाला पाठ खाली करून चिकटली होती. भर दिवसा. घरातल्या पालीच्या बोटांना पसरट गाद्या असतात, त्यावरच्या अतिसूक्ष्म केसांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंत चढते. हिची बोटं काटकीसारखी बारीक, टोकाला नखं, आणि डोळ्याची बाहुली गोल. घरच्या पालीची बाहुली मांजरासारखी उभी चीर असते, कारण ती रात्रीची. या बारक्या पालींना शास्त्रात नेमास्पिस म्हणतात. आपल्या सह्याद्रीत एकेका डोंगराची त्यांची वेगळी जात निघते आहे. २०१८ मध्ये आंबोलीच्या नावाने एक नोंदली गेली. दगडाची ओली, गार फट सोडून त्या लांब जात नाहीत. दोन डोंगरांच्या मध्ये तापलेलं मैदान आलं की ते त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून वेगळ्या झाल्या, असं भाच्याने समजावलं.

त्याच खडकापासून पाच पावलांवर, जांभळीच्या खोडावर माझ्या डोक्याच्या उंचीला एक सरडा होता. आपल्या बागेतला नव्हे. बागेतला आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात नराचं डोकं लालभडक होतं आणि तो कुंपणावर जोर काढतो. हा अंगाने बारीक, गडद, गळ्याखाली लालसर. हा रानातला. बागेतल्या सरड्याला ऊन लागतं, तो डांबरी रस्त्याच्या कडेला, तुटलेल्या झाडोऱ्यात, शेताच्या बांधावर असतो. रानातला सावलीतच राहतो. इतक्या दाट रानात ऊन शोधत हिंडायचं म्हणजे शक्ती आणि वेळ दोन्ही जायचे, शिवाय शिकरा पक्ष्याच्या नजरेत यायचं. त्यापेक्षा हवा जशी गार-गरम असेल तसं अंग ठेवून तो जगतो. आम्ही देवराईतून बाहेर पडलो, गाडीरस्त्यावर आलो, आणि पहिल्याच विजेच्या खांबावर बागेतला सरडा बसलेला होता. दोघांच्यात अंतर जेमतेम दोनशे पावलांचं. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही; फक्त सावली जिथे संपते ती रेघ. ती रेघ आपण झाडं तोडून आत सरकवली की बागेतला आत येतो आणि रानातल्याला मागे हटायला जागा लागते. ती नसली तर तो संपतो.

खाली पानांच्या थरात सापसुरळ्या. माझ्या गावात तिला सापाची मावशी म्हणतात आणि दिसली की ठेचतात. मी स्वतः लहानपणी ठेचलेली आहे, याचं मला आज वाईट वाटतं. तिला विष नाही. भारतातल्या कुठल्याच पालीला, सरड्याला, सापसुरळीला, घोरपडीला माणसाला बाधेल असं विष नाही. हे वाक्य मी मुद्दाम एवढं सरळ लिहिते आहे, कारण माझ्या गल्लीत अजूनही दुधात पाल पडली की सगळं घर विषबाधा झाल्यासारखं घाबरतं. दूध टाकून द्या, पातेलं घासा. पण पालीला मारू नका.

भाच्याने मला एका लांबच्या डोंगराची गोष्ट सांगितली. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचं बेट आहे. तिथल्या लुकियो डोंगरावर आपल्या घाटमाथ्यासारखंच सदा ओलं रान आहे. त्या एकट्या बेटावर अॅनोलिस गटातले दहाएक जातींचे सरडे आहेत, सगळे किडे खाणारे, बरेचसे दिसायला सारखे. इतके जण एका रानात भांडून मरत कसे नाहीत, याचा शोध स्टॅनली रँड या शास्त्रज्ञाने घेतला आणि १९६४ मध्ये मांडला. कोण किती उंचीवर बसतो आणि उन्हात बसतो की सावलीत, एवढं मोजल्यावर चित्र उलगडलं. एक गवतात. एक खोडाच्या खालच्या भागात, गर्द सावलीत. त्याच उंचीवर दुसरा, पण तो उघड्यावर, उन्हात. एक डहाळीएवढाच बारीक, तो डहाळ्यांवरच. एक थेट शेंड्यावर, जमिनीवरून माणसाला सहसा दिसत नाही इतका वर. पाय किती लांब, अंग किती बारीक, हेसुद्धा त्या त्या जागेप्रमाणे घडलेलं.

पुढे १९८९ मध्ये ह्यूगो नावाचं चक्रीवादळ त्या डोंगरावरून गेलं. झाडांचं छत मोडून पडलं. त्यानंतर शेंड्यावर राहणारे सरडे जमिनीलगत, पडलेल्या फांद्यांच्या ढिगांत दिसायला लागले. वरचा मजला गेल्यावर वरचे बिऱ्हाडकरू खाली आले. निदान त्या ढिगांत उतरायला तरी त्यांना मिळालं. कोणी फांद्या उचलून जागा स्वच्छ केली असती तर तेही नसतं.

आमच्या रानात असं कोणी वीत-वीत मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण मजले तेच आहेत. पानांचा थर, दगडाची फट, खोडाचा बुंधा, वरच्या फांद्या, आणि रानाबाहेरचा उघडा, खडकाळ सडा. त्यात पुन्हा दिवस आणि रात्र अशा दोन पाळ्या. एकाच खडकावर दिवसा ती करंगळीएवढी पाल असते, आणि अंधार पडला की मोठी, चट्ट्यापट्ट्यांची खडकावरची पाल बाहेर येते. आपल्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात घाटघरला, खडकावर राहणारी अशी एक पाल वरद गिरी यांनी २००८ मध्ये नवी जात म्हणून नोंदवली. हिला शास्त्राच्या वहीत नाव मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. दगडाच्या फटीत आणखी कोण असेल, हे फट बुजवल्यावर कळणार नाही.

आता माझ्या गल्लीतली गोष्ट सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला टेकडीचा पायथा लागतो. तिथे माती अडवणारी जुनी दगडी भिंत होती, कोरड्या दगडांची, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. पावसाळ्यात तिच्या सगळ्या फटींतून पाणी झिरपायचं आणि उन्हाळ्यात त्याच फटींतून सापसुरळ्या डोकवायच्या. डबे देऊन येताना मी तिथे दोन मिनिटं थांबत असे. एक सापसुरळी मी चांगली ओळखत होते; तिची शेपटी एकदा तुटून पुन्हा आलेली, नव्या शेपटीचा रंग जरा फिका. शेपटी टाकून जीव वाचवता येतो, पण त्यात साठवलेली चरबी जाते, आणि नवी शेपटी वाढवायला पोटातलं अन्न खर्चावं लागतं. म्हणजे तिने एक मोठं संकट निभावलेलं होतं.

मे महिन्यात त्या भिंतीचं सुशोभीकरण निघालं. फटी सिमेंटने भरून वर गिलावा करायचा आणि त्यावर चित्रं रंगवायची, असं ठरलेलं. सकाळी अकराला मी डब्यांच्या पिशव्या घेऊन तिथून जात होते. मिस्त्री खालून वर दगडांच्या सांध्यांत माल दाबत होते. मी विचारलं, "दादा, आत जिवंत जनावरं आहेत, त्यांचं काय?" ते भले माणूस होते. म्हणाले, "ताई, जातील की कुठेतरी. मला सांगितलंय तेवढं मी करतो." त्यांनी एक दगड हलवून दाखवला. त्यामागे पांढरी, खडूसारखी, वाटाण्याएवढी दोन अंडी होती. पाल एका वेळी दोनच अंडी घालते, कवच टणक असतं. त्यांनी ती जपून तळहातावर घेतली आणि माझ्या हातात दिली. मी ती घरी आणून कुंडीच्या कपारीत ठेवली. एक फुटून पिल्लू निघालं, एक निघालं नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम पुन्हा गेले. गिलावा ओला होता. फिक्या शेपटीची सापसुरळी भिंतीच्या पायाशी होती. जिथे तिची फट होती तिथे तिने तोंड टेकवलं, मागे आली, दोन वीत पुढे गेली, पुन्हा तोंड टेकवलं. असं तिने माझ्यासमोर चार-पाच वेळा केलं. मग बाजूला पडलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी पोती उचलून नेली होती.

ऑगस्टमध्ये भिंतीला पोट सुटलं. यात नवल काही नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर खाचरांच्या ताली रचल्या. ते सांगायचे, तालीला श्वास ठेवावा लागतो. मागचं पाणी दगडामधून निघून गेलं नाही तर तेच पाणी ताल ढकलतं. फटी बुजवल्या, पाण्याला वाट म्हणून जेमतेम दोन पाइप ठेवले, आणि पावसाने भिंत पुढे लोटली. ज्या फटींत सापसुरळ्या राहत होत्या, त्याच फटी ती भिंत उभी धरत होत्या.

टेकडीवरही हेच वेगवेगळ्या नावांनी चाललं आहे. वेताळ टेकडीवरचे उघडे, खडकाळ, गवताचे माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. उन्हात जगणारे सरडे तिथे राहतात. गळ्याखाली पंखा असलेला सरडा त्यांच्यातलाच. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून तो पंखा उघडतो. याच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, ते आपल्या मराठीतलंच, 'सरडा'. जगभरच्या पुस्तकांत आता आपला शब्द छापला जातो. त्यातला सगळ्यात देखणा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आहे, गळ्यावर निळा, काळा, नारिंगी. अशा माळावर ओळीने खड्डे घेऊन उंदीरमारीची दाट लागवड केली की खाली गवत मरतं, दगड सावलीत जातो, आणि नराला पंखा दाखवायला उघडा दगड उरत नाही. झाड लावणं पुण्याचं काम आहे हे मीही मानते. पण माळावर माळ राहू द्यावा.

चाळकेवाडीचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माझी स्वतःची एक समजूत मोडली. तिथे पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते आणि सरडे जास्त. मी म्हटलं, म्हणजे सरड्यांचं भलंच झालं. भाचा म्हणाला, पुढे ऐक. ते सरडे अंगाने खंगलेले होते, नरांचे रंग फिके पडले होते, आणि माणूस अगदी जवळ गेला तरी पळत नव्हते. भीती गेली, गर्दी झाली, खाणं पुरेना. म्हणजे सरडे दिसतात, भरपूर दिसतात, एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं म्हणता येत नाही. कोण दिसतो आणि कुठे दिसतो हे पाहावं लागतं.

दिव्यांचंही तसंच. ताम्हिणीच्या रस्त्याला एका ठिकाणी रात्रभर पांढरे दिवे जळतात. त्या भिंतीवर मी आणि भाच्याने पंधरा पाली मोजल्या, सगळ्या आपल्या घरातल्या. साठ पावलांवर, अंधारात, खडकावरची पाल एक. दिवा किडे गोळा करतो आणि घरची पाल त्या दिव्याच्या मागे जाते. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर बाहेरून आलेल्या घरपालीने अशाच उजेडाच्या जोरावर तिथल्या आधीच्या पालींना भिंतींवरून हटवलेलं आहे. आपण टेकडीच्या पायवाटेवर खांबाला खांब लावून तीच सोय करून देतो आहोत.

माझ्या भावाने मला विचारलं, पानांचा थर जपायचा म्हणतेस, मग आम्ही भाताच्या वाफ्यावर राब भाजायचा नाही का? पालापाचोळा त्यात जळतोच. मी त्याला म्हटलं, राब तुझ्या वाफ्यापुरता आहे, तो भाज. पण त्याची आग डोंगराला लागू देऊ नकोस. एप्रिलमध्ये वणवा चढला की अंड्यांची, पिल्लांची, पानाखालच्या सगळ्यांची राख होते, आणि हे दरवर्षी होतं आहे.

पुण्याच्या टेकड्यांची कामं ठरवणाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. कामाच्या यादीत सरड्या-पालींच्या जाणकाराचा एक दिवस धरा. त्याने आधी फिरून सांगावं की या भिंतीत, या खडकात, या वाळलेल्या खोडात कोण आहे. शहरात अशी माणसं आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीलाच आहे, महाविद्यालयांत शिकणारी मुलं आहेत. काम करायचंच असेल तर पावसाळा संपून पिल्लं बाहेर पडल्यावर करा, मे महिन्यात नको. आणि कोरडी रचलेली भिंत कोरडीच दुरुस्त करा. त्याला सिमेंटही लागत नाही.

पोट सुटलेली आमची भिंत उतरवून पुन्हा बांधणार असं कानावर आलं आहे. मधल्या काळात पाण्यासाठी ठेवलेल्या दोन पाइपांपैकी डावीकडच्या पाइपात एक सापसुरळी राहायला आली आहे. शेपटी अखंड आहे, म्हणजे ही दुसरी. मिस्त्री येतील त्या दिवशी डबे अर्धा तास उशिरा पोहोचतील असं मी माझ्या ग्राहकांना आधीच सांगून ठेवलं आहे.

आपली,
डबे देणारी एक वाचक
कोथरूड, पुणे